बिनजाळाचा चहा

आटपाडीचे नानासो आपल्या मुलासाठी शालनला बघायला येणार, आणि त्यांचा चहा मायक्रोवेव्हमध्येच व्हायला पाहिजे, असा तिच्या बापाचा, सुभेदार लालासाहेबांचा हुकूम सुटला. थोरला लेक मानसिंग बोटीवर नोकरीला होता. त्याने तो ओव्हन विलायतेहून आणला, बापाला समजावून दिला आणि पुन्हा बोटीवर गेला. अठ्ठ्याहत्तर सालात कडेगावच्या आसपास तसली वस्तू कुणी पाहिली नव्हती. सुभेदार ती बंदुकीसारखी रोज फडक्याने पुसत. याआधीची दोन स्थळं पोरगी सावळी म्हणून फिरली होती. हे तरी हातचं जाऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि सारी भिस्त त्या पेटीवर होती.

सुभेदारांच्या बायकोने, चंद्राबाईंनी, पेटीला आधी हळदकुंकू वाहिलं, मग वाकून आत बघितलं. "आवं, जाळ कुठं हाय ह्याला?"

"जाळ न्हाई. आतलं पाणीच थरथरून तापतंय," सुभेदारांनी लेकाचे शब्द अभिमानाने ऐकवले.

रिकामा चालवायचा नाही, दार नीट लावायचं आणि धातूचं भांडं आत ठेवायचं नाही, अशी तीन कलमं मानसिंगने घालून दिली होती. शेवटच्या कलमाने पंचाईत केली. घरात पितळ, तांबं आणि नाव घातलेलं स्टील, याशिवाय भांडं नव्हतं. पाहुण्यांसाठी जपलेल्या चिनी मातीच्या कपांना सोनेरी काठ होता. एवढ्याशा काठाला धातू कोण म्हणतो, असं म्हणून सुभेदारांनी कप ठेवला, तर काठाभोवती निळ्या ठिणग्या उडाल्या. खरा गोळीबार पाहिलेला माणूस, तरी बटण बंद करून दोन पावलं मागं सरला. शेवटी शाळेच्या मास्तरांकडून पांढरे, बिनकाठाचे कप आणले.

पण उसाला पाणी पाजायच्या मोटारी सुरू झाल्या की गावातले दिवे मंद व्हायचे आणि ओव्हन नुसता कण्हायचा. मग सुभेदार भाऊबंदांच्या दारोदार फिरले. पाहुणे चहा पिऊन उठेपर्यंत मोटारी बंद ठेवा म्हणाले. त्यांतल्या ज्ञानूची सामाईक विहिरीवर पाणी घ्यायची पाळी नेमकी त्याच दिवशी होती. हा गडी एरवी पाण्यासाठी सख्ख्या मेव्हण्याशीही भांडायचा.

"शालनचं जुळू द्या, दादा. ऊस कुठं पळून जातोय?" ज्ञानू म्हणाला.

पाहुणे आले, तशा मोटारी गप्प झाल्या. पण मोटार बंद म्हटल्यावर शेतात थांबून करायचं काय? आपण कशापायी पाणी थांबवलं ते बघायला सगळे सुभेदारांच्या घरी आले. सोपा भरला, अंगण भरलं. ओव्हनमध्ये तर एका वेळी दोनच कप मावत होते. त्यात नानासो जुन्या रीतीचे. सगळ्यांच्या हातात कप आल्याबिगर आपण घेणार नाही म्हणाले. कपांची तिसरी जोडी तापेपर्यंत पहिली गार झाली. सुभेदारांना घाम फुटला.

एवढ्यात आतून शालन वाफाळत्या चहाचं ताट घेऊन आली आणि पाठोपाठ दुसरं. माणसं बघताच चंद्राबाईंनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. सुभेदारांनी हुशारी केली. ओव्हनमध्ये कपभर पाणी ठेवून घरघर चालू ठेवली.

"लय झ्याक चहा झालाय," नानासो घोट घेऊन म्हणाले. "विलायती मशीन ती विलायती मशीन."

"चहा आईनं चुलीवर केलाय," शालन म्हणाली. "मशीनमदी नुसतं पाणी हाय."

 स्थळ गेलं, असं सुभेदारांनी मनाशी धरलंच. नानासोंनी मात्र कान देऊन विचारलं, "उसाचा मुलूख, आन एक बी मोटार कशी वाजंना?"

ज्ञानूने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं.

नानासोंनी कप खाली ठेवला. दुष्काळी आटपाडीकडे पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. "आमच्यात पाण्याच्या पाळीपायी भाऊ भावाचं तोंड बघत न्हाई," ते म्हणाले. "हितं एका पोरीसाठी गावानं पाणी थांबवलं. आन पोरगी बी खरं बोलती. सुपारी फोडा, सुभेदार."

सुभेदारांचे डोळे भरून आले. त्या भरात त्यांनी ओव्हन लग्नात आंदण द्यायचं कबूल करून टाकलं.

नानासोंनी हात जोडले. "तेवढं नका देऊ. आमच्या गावात त्येच्यासाठी मोटार कोण बंद ठिवनार?"