निमकरकाकांचे आठ सिलिंडर

सिंगापुरातल्या आमच्या बुकित पंजांगच्या एलआरटीला ड्रायव्हर नसतो. दोन डब्यांची ती गाडी आपली आपणच इमारतींच्या मधून वळणं घेत फिरते. तरीही निमकरकाका तिच्या पुढच्या काचेला नाक लावून उभे राहतात आणि त्या नसलेल्या ड्रायव्हरला झापतात.

“आत्ता नाही, आत्ता नाही... हं, आता ब्रेक! छे, लवकर मारलास. घालवलीस लाइन!”

डब्यातले लोक हळूच मागे सरकतात. काका माझ्याकडे वळून म्हणतात, “नोंद घे वृषाली. वळणात घाई करणारा माणूस सरळ रस्त्यावर मागे पडतो.”

निमकरकाका आमच्याच मजल्यावर राहतात. उंची साडेपाच फूट, चष्मा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तीस वर्षं एका बँकेच्या रिस्क विभागात होते, म्हणजे दुसऱ्यांनी काय काय करू नये हे सांगायचा पगार घेत होते. तो स्वभाव निवृत्तीनंतरही गेला नाही. ब्लॉकसमोरच्या सिग्नलला दोन्हीकडे चिटपाखरू नसलं तरी हिरवा माणूस दिसेपर्यंत ते रस्ता ओलांडत नाहीत. लिफ्टमध्ये शिरण्याआधी किती माणसांची परवानगी आहे ते वाचतात आणि आतली डोकी मोजतात.

असा हा माणूस रेसिंग करतो.

सहा वर्षांपूर्वी सुमतीकाकू गेल्या. त्यानंतर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी काकांना मन रमवायचे नाना उपाय सुचवले. कुणी योग सुचवला, कुणी भजनाचा ग्रुप, कुणी नुसतंच ‘पुण्याला जाऊन या’ म्हणालं. काका सगळ्यांना ‘नोंद घेतली’ म्हणाले आणि जोहोरला जाऊन एक गाडी घेऊन बसले. सत्तरच्या दशकातली, ऑस्ट्रेलियात बनलेली, आठ सिलिंडरची, हत्तीएवढ्या नाकाची नारिंगी गाडी. नारिंगी रंग किती आणि गंज किती हे सांगणं अवघड होतं. सिंगापुरात असली गाडी ठेवणं आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून ती पलीकडे मलेशियात मिस्टर लिम नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात राहते. रस्त्यावर धावायचा परवाना तिला नाहीच. ट्रॅकपर्यंतसुद्धा ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जाते.

दर शनिवारी काका बसने दोन देशांमधला कॉजवे ओलांडून तिला भेटायला जातात. जाताना पिशवीत काही ना काही पार्ट असतोच, घरी आणून साफ केलेला. एकदा वुडलंड्सला सीमेवरच्या तपासणीत त्यांच्या पिशवीतला स्टीलचा डबा उघडायला लावला. आत कार्बुरेटर.

“अंकल, व्हॉट इज धिस?” अधिकाऱ्याने विचारलं.

“फॉर ब्रीदिंग,” काका म्हणाले.

अधिकारी हळहळला. “अंकल, यू गॉट अस्थमा?”

“नॉट मी. माय कार.”

पुढचा पाऊण तास काका त्याला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण समजावत होते. सुटका काकांची झाली की अधिकाऱ्याची, याबद्दल दोन मतं आहेत.

गाडीचं वजन कमी करणं हे त्यांचं दुसरं वेड. गालिचे काढले, रेडिओ काढला, मागची सीट काढली. मग काढण्यासारखं काही उरेना, तेव्हा काकांची नजर स्वतःकडे वळली. आमच्याकडे पाडव्याला जेवायला आले होते. मी दुसऱ्यांदा श्रीखंड वाढायला गेले तर त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. “नको, नको! लॅपटाइम वाढतो.”

नवीन हेल्मेट आणलं तेव्हा डोक्याला सवय व्हावी म्हणून ते आठवडाभर घरात घालून वावरले. एका सकाळी सवयीने तसेच खाली हॉकर सेंटरला कॉफी घ्यायला गेले. कॉफीवाली आंटी त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने विचारलं, “अंकल, ड्रिंक हिअर ऑर टेकअवे?” माझी लेक त्या वेळी तिथेच होती. घरी येऊन म्हणाली, “आई, निमकर अंकल इज क्वाइट मॅड, लाह. बट द गुड काइंड.”

एवढं सगळं करून काका ट्रॅकवर कसे चालवतात? तर रिस्क विभागासारखे. मिस्टर लिम बोटं पुसत मला म्हणाले होते, “युअर अंकल, हिज कार इज टायगर. बट ही ड्राइव्ह लाइक गोइंग टू टेंपल.” जोहोरच्या ट्रॅकची एक फेरी दोन मिनिटांच्या आत मारायची, एवढंच काकांचं ध्येय. सहा वर्षांत ते झालं नव्हतं. अर्ध्या सेकंदाने हुकायचं, कधी पाव सेकंदाने.

त्यांचे प्रतिस्पर्धी होते चेगू हमीद. चेगू म्हणजे मलयमध्ये मास्तर. जोहोरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गोल पोटाचे, सदा हसणारे गृहस्थ. त्यांची गाडी जपानी, लहानशी, काकांच्या गाडीच्या डिकीत मावेल अशी. सरळ रस्त्यावर काका त्यांना मागे टाकायचे आणि वळणात चेगू काकांना. मग दुपारी दोघं जेवताना एकाच वळणावरून भांडायचे. चेगू सॉसच्या बाटल्या मांडून वळण दाखवायचे, काका त्या बाटल्या सरकवून त्यांची चूक दाखवायचे. गेल्या वर्षी बाटली फुटली, तरी मुद्दा सुटला नाही.

गेल्या महिन्यात काका माझ्या दारात उभे राहिले. “वृषाली, तू ऑडिटमध्ये आहेस. घड्याळ बघून खरे आकडे लिहिशील. लिम माझ्यावरच्या प्रेमापोटी कमी लिहितो.”

मी गेले. उन्हात छत्री आणि स्टॉपवॉच घेऊन पिटच्या भिंतीशी उभी राहिले. ती नारिंगी गाडी पहिल्यांदा समोरून गेली तेव्हा आवाजाने माझ्या छातीत धडधडलं, आणि काकांनी आत चष्म्यावर हेल्मेट चढवलेलं ओझरतं दिसलं तेव्हा हसूही आलं.

पण त्या दिवशी काका देवळात निघाले नव्हते. दोन मिनिटं एक सेकंद. दोन मिनिटं, चार दशांश. मिस्टर लिम माझ्या खांद्यावरून घड्याळात डोकावू लागले. शेवटच्या फेरीला निम्म्या ट्रॅकवर काका आजवरच्या सगळ्या फेऱ्यांच्या पुढे होते. लिम ओरडले, “टुडे! टुडे!” मीही ओरडायला लागले, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

काकांच्या थोडं पुढे चेगू होते. शेवटच्या वळणात त्यांच्या गाडीचं मागचं चाक घसरलं. गाडी दोनदा गरगरली, गवतात शिरली आणि टायरांच्या भिंतीला जाऊन लागली. लाल धुळीचा लोट उठला. पिवळे झेंडे फडकले.

पिवळ्या झेंड्याचा नियम काकांनीच मला सकाळी दोनदा वाचून दाखवला होता. वेग कमी करायचा, कुणाला ओलांडायचं नाही, पण थांबायचं मात्र मुळीच नाही. गाडीतून उतरणं तर फारच मोठा गुन्हा. मदतीला माणसं नेमलेली असतात.

काकांनी गाडी सरळ गवतात घातली, थांबवली आणि उतरले. हेल्मेटसकट पळत सुटले. झेंडेवाला शिट्ट्या फुंकत, हात हलवत मागून ओरडतोय आणि त्रेसष्ट वर्षांचे निमकरकाका धुळीत शिरताहेत, असं मी पाहिलं. हातातलं घड्याळ चालूच राहिलं.

चेगूंना काही झालं नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा ते गाडीबाहेर उभे राहून खोकत होते आणि काका त्यांचे दोन्ही दंड चाचपून बघत होते. संयोजकांनी काकांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. उरलेला दिवस त्यांना ट्रॅक बंद. काका मान खाली घालून ऐकत होते, शाळेत उशिरा आल्यासारखे.

परतीच्या बसमध्ये मी न राहवून म्हणाले, “काका, आज झालं असतं. मदतीला माणसं होती की तिथे.”

“होती,” ते म्हणाले.

बस कॉजवेवर येऊन थांबली. शनिवारची रांग, पुढे नुसते दिवेच दिवे. काकांनी त्या दिव्यांकडे बघत विचारलं, “वृषाली, माझं नाव काय?”

“निमकर.”

“ते आडनाव.”

नऊ वर्षांचा शेजार, आणि मला ठाऊक नव्हतं.

“प्रभाकर,” ते म्हणाले. “तुझा दोष नाही. बँकेत मिस्टर निमकर, मंडळात काका, बाकी सगळीकडे अंकल. सुमती चारचौघांत ‘अहो’ म्हणायची, पण घरात नावाने हाक मारायची. ती गेली आणि ते नावच कुणाच्या तोंडात राहिलं नाही. पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा हमीदने माझा फॉर्म पाहिला आणि लांबून हाक मारली, ‘प्राबा!’ त्याला नीट म्हणता येत नाही. मी मागे वळून पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ऊन फार आहे म्हणालो.” त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “आज तो धुळीत दिसेनासा झाला. तेव्हा दोन मिनिटं काय आणि नियम काय, काही आठवलं नाही बघ.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आसपासच्या चार जणांनी मान वळवली.

“प्राबा! रीच होम ऑलरेडी?”

“नॉट येट, हमीद,” काका म्हणाले. “बिग जॅम. यू? नेक पेन? यू गो सी डॉक्टर, डोन्ट बी स्टबर्न. नो, नो, यू ब्रेक्ड टू लेट, आय सॉ...”

लगेच त्या वळणावरून वाद सुरू झाला. बस तासभर जागची हलली नाही. काकांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.