माशीले काऊन नाही होत?

चहात माशी पडली तर आपण चहा फेकतो. आमचे शेजारी गंगाधरभाऊ चहा फेकत आणि माशी ठेवत. चिमटीत धरून, पंख फुंकून कोरडे करून तिला अंगणातल्या कठड्यावर बसवत आणि समोरच्याला विचारत, "हे दिवसभर घाणीत बसते. हिले काऊन नाही होत?"

काय नाही होत, असं चुकूनही विचारू नये. विचारलं की ते हगवणीपासून गळवापर्यंत सगळं साग्रसंगीत सांगत, आणि नंतर चहाची इच्छाच राहत नसे.

आदिलाबादच्या कापूस बाजारात ते माल पारखायला होते. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, कारण वर पांढराशुभ्र आणि खाली ओला, किडका, हा प्रकार रोजचाच. नोकरीतला हा संशय त्यांच्या अंगात इतका मुरला, की भाजी असो, दूध असो, पुढारी असो, एकच बोलणं. "वरून पांढरं हाय बापा, आतमधी पाह्यलं का?" माझ्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही त्यांना तामसी गावाला नेलं, तर या गृहस्थांनी पोहे खाता खाता उठून मुलीकडच्यांच्या ज्वारीच्या पोत्यात हात घातला! सोयरीक झाली, पण ते व्याही आजही आमच्याकडे यायच्या आधी विचारतात, "ते हातवाले पाव्हणे हायत का घरी?"

सगळ्यात मोठा संशय कॅप्सूलवर. ती वर्षं कापसावरच्या फवाऱ्यांची होती. आधी एका फवाऱ्यात बोंडअळी टपाटप गळायची. मग दोन फवारे लागले, मग दोन औषधं मिसळून मारली, तरी अळी आपली मजेत. आमच्या गल्लीत साध्या सर्दीला दुकानातून लाल-काळी कॅप्सूल आणून खायची पद्धत, आणि बरं वाटलं की उरलेल्या फळीवर. ते पाहून गंगाधरभाऊ भडकत. "अळी फवाऱ्याले नाही भेली, हे जंतू कॅप्सूलले कितीक दिवस भेतीन? अर्धं अर्धं खाऊन त्यायले सवय लावून राह्यले तुमी!"

लोक हसत. पण मग त्यांच्या परसात बरण्या दिसू लागल्या. एकीत माशा, एकीत अळ्या, झाकणाला भोकं. हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. माझ्या बायकोने मला बजावलं, "त्यायच्या घरचा प्रसादसुदा खाऊ नोका. काईतरी करणी करून राह्यले ते." खोटं कशाला बोलू, मलाही संशय आला. मी भिंतीवरून डोकावू लागलो.

करणी कसली! वच्छलावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. त्यात साखरेचा आजार. जखम चिघळली. इंजेक्शनं झाली, कॅप्सूल बदलल्या, पू काही थांबेना. डॉक्टर म्हणाले, "नागपूरला न्या. पाय राहील की नाही, सांगता येत नाही." पण जंतू कॅप्सूलला भीत नाहीसे झाले की काय, या संशयाने गंगाधरभाऊंनी स्वतःच औषध शोधायला घेतलं होतं. माशी घाणीत राहून सडत नाही, म्हणजे तिच्या रक्तातच काहीतरी असलं पाहिजे.

एका सकाळी बायकोने मला ढकललंच. "जा, थांबवा त्यायले, माशा पाट्यावर वाटून राह्यले!" मी धावलो. भाऊ खाली बसले होते, हातात वाटी, वाटीत काळा लगदा. वहिनींनी पट्टी सोडून पाय पुढे केला होता.

"लावा," त्या म्हणाल्या. "तुमी केलं ना? मंग लावा."

भाऊंनी बोट वाटीत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे मीच केलं, माधव. पन आतमधी काय हाय, मले कुठं मालूम हाय?" उठले, आणि वाटी भिंतीपलीकडे भिरकावली. साऱ्या जगावर संशय घेणारा माणूस स्वतःवर संशय घेताना मी त्या दिवशी पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

दुपारच्या गाडीने ते नागपूरला गेले. वहिनी वाचल्या, पण पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर भाऊंनी बरण्या फोडल्या. चहात माशी पडली तर कप मुकाट्याने बाजूला सारत. कुणाला काही विचारत नसत.

बऱ्याच वर्षांनी रविवारच्या पेपरात एक लेख आला. रेशमाचे पतंग, माशा, बेडूक यांच्या अंगात प्रथिनांचे छोटे तुकडे सापडलेत, त्यांना पेप्टाइड म्हणतात, ते जंतूंचं कवचच फोडतात, पुढेमागे कॅप्सूलला पर्याय होतील. मी पेपर घेऊन धावतच गेलो.

भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. "मंग तवा लावलं असतं तर?"

"नसतं जमलं, भाऊ. शुद्ध करून काढावं लागते. पोटात, रक्तात लवकर तुटते, जास्त झालं तर आपल्याच पेशी मारते. परदेशात अजून तपासूनच राह्यले. वाटलेल्या माशीतून तर घाणच जखमेत गेली असती. वहिनीच गेल्या असत्या."

"हे पेपरात लिवलं हाय, का तू मनानं सांगून राह्यला?"

शुद्ध करण्याची ओळ मी बोट ठेवून दाखवली. घाणीचं माझ्या मनाचं होतं, पण खरंच होतं. त्यांनी पेपर जवळ ओढून ती ओळ स्वतः वाचली. मग हळूच म्हणाले, "आतमधी जा, तिले वाचून दाखव. मी सांगतलं तर तिले वाटन, बुढा सोताले सोडवून राह्यला."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी वाचलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "आयकलं ना? मले कवाच संशय नव्हता. आता तरी रात्री झोपत जा."

दाराआड नाक ओढल्याचा आवाज झाला. मग भाऊंचा आवाज आला.

"पन माशीले काऊन नाही होत, हे मी बरोबरच इचारत होतो ना वं?"