एकशे बाराव्या पानापुढे

एका हाताने मूल थोपटत दुसऱ्या हाताने पुस्तक वाचता येतं, आणि तसं वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं मी आमच्या वाचनकट्ट्यावर छाती पुढे काढून सांगितलं. म्हणून पुस्तकाची पहिली पाळी माझी लागली.

कट्टा आमचा चौघींचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार ते सहा, माळनाक्याला उमाकाकूंच्या पडवीत. पुस्तक एकच, प्रत्येकीकडे आठ दिवस. या खेपेची कादंबरी उमाकाकूंच्या दापोलीच्या मावसभावाची. भास्कररावांनी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर पदरमोड करून छापलेली. बैठकीला ते स्वतः येणार होते. त्यामुळे मत काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता, चांगलंच द्यायचं होतं.

हे दोन तास म्हणजे काय चीज आहे ते घरात दीड वर्षाचं पोर असणारीला सांगायला नको. "मैत्रिणींकडे जाते" म्हटलं की सासूबाईंची कंबर दुखते. "साहित्यिक बैठक आहे" म्हटलं की दुखत नाही, त्या यज्ञेशला आनंदाने कडेवर घेतात. कट्टा सुटला की माझा शनिवार गेला.

मे महिना होता. सासूबाईंनी गच्चीवर साटं घातली होती, म्हणजे आटवलेला आंब्याचा रस ताटांमधून पसरून उन्हात वाळायला ठेवला होता. कावळे हाकायचं काम माझं. बसल्या जागी वाचन! एका मांडीवर यज्ञू, दुसरीवर कादंबरी. नायिका गोदा, नवरा मुंबईला जाऊन बेपत्ता. एकशे बाराव्या पानावर ती बोचकं घेऊन एसटी स्टँडवर उभी राहते. मी इतकी गुंतले की यज्ञू मांडीवरून कधी उतरला ते कळलंच नाही. त्याने शेजारचं ताट ओढलं आणि रसासकट पुस्तकावर पालथं घातलं. आणि मी दचकून काय केलं असेल? पुस्तक मिटलं.

रागवायला तोंड उघडलं, तर त्याने रसाने माखलेलं बोट माझ्याच तोंडात घातलं. रागवायचं राहून गेलं.

पुस्तक पुसलं, दोन दिवस साटांच्या रांगेत वाळवलं. पहिली एकशे बारा पानं कशीबशी सुटली. पुढची दीडशे मिळून एक चिरा झाला, बांधकामाला चालेल असा. सासूबाईंनी तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पायरीचा होता रस. हापूसचा असता तर जिवाला लागलं असतं हो."

मी वरून खाकी कव्हर घातलं. पुस्तक देताना खरं सांगून टाकायचं पक्कं ठरवलं होतं. पण वैदेही बँकेतून घाईत आली, हेल्मेटही न काढता पुस्तक स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि विचारलं, झालं का वाचून? माझ्या तोंडून "झालं" निघून गेलं.

आठ दिवस फोन वाजला की मी आधी वैदेहीचं नाव दिसतंय का ते बघत होते. नवव्या दिवशी ग्रुपवर वैदेहीचा मेसेज आला, शेवटाने हलवून टाकलं. मी तो तीनदा वाचला. मग भाट्याला होम-स्टे चालवणाऱ्या सानिकाचा, शेवटाला डोळे भरून आले. मग उमाकाकूंचा, भास्करने शेवट फार संयमाने हाताळलाय. चिरा वाचायची विद्या माझ्याखेरीज साऱ्या रत्नागिरीला येते, अशी माझी खात्री झाली.

शनिवारी भास्करराव दापोलीच्या एसटीतून उतरून थेट पडवीत आले. चहा घेता घेता त्यांनी शेवटाबद्दलच विचारलं, कारण त्यावर त्यांनी चार वर्षं घालवली होती. वैदेही म्हणाली, गोदा मागे वळून न बघता एसटीत चढते ते फार आवडलं. सानिका म्हणाली, चढते कुठे, त्याच एसटीतून नवरा उतरतो. उमाकाकूंनी दोघींनाही झापलं. कोणी चढत नाही की उतरत नाही, ती तिथेच उभी राहते, त्यालाच संयम म्हणतात. एकाच गणिताची तीन उत्तरं आल्यावर मास्तर बघतात तसे भास्करराव आळीपाळीने तिघींकडे बघत राहिले.

"आपण शेवटचं पानच वाचू," म्हणाले.

त्यांनी पुस्तक घेतलं. पानं ओढली. गुडघ्यावर धरून ओढली. मग पुस्तक नाकाशी नेलं.

"पायरी," ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना माझे शनिवारचे चार ते सहा पायात चपला घालून निघालेले मला दिसत होते.

वैदेहीने सुस्कारा सोडला. "म्हणजे माझ्या डिकीत तापून नाही चिकटलं?"

"आणि मी फणस कापत होते गो," सानिका म्हणाली. "मला वाटलं माझ्याच हातचा चीक लागला."

आम्ही उमाकाकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे कपबशा गोळा करत होत्या. "घरचंच पुस्तक," म्हणाल्या. "त्यात उघडून काय बघायचं?"

भास्कररावांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही कुठवर वाचलंत?"

"एकशे बारा."

"आमची ही छत्तीसवर थांबली आहे," ते म्हणाले. पिशवीतून कोरी प्रत काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. पुढच्या महिन्याच्या शनिवारी खरा शेवट मी सांगायचा, बैठक सगळी माझी.

मी तरंगतच घरी आले. सोमवारी वैदेहीचा फोन. गोदा चढतेच असं सांगशील ना, मी बँकेतही सगळ्यांना तसंच सांगून बसलेय. मंगळवारी सानिका. नवरा उतरला तर ती दर रविवारी यज्ञूला समुद्रावर नेणार होती. बुधवारी उमाकाकू. त्यांनी काहीच मागितलं नाही. कट्ट्यात मला कोणी आणलं आणि पडवी कोणाची, एवढीच आठवण दिली.

मी तिघींनाही सांगितलंय, तुमचंच बरोबर निघणार.

कोरी प्रत उशाशी आहे. पानं कशी सुटी सुटी. यज्ञू दुपारी चांगला दोन तास झोपतो, म्हणजे वेळ नाही असंही म्हणता येत नाही. पण वाचलं तर शेवट कळेल ना! म्हणून त्या वेळात मीही त्याच्या कुशीला लागून झोपते.