व्याह्यांच्या रानातला वसवा

सिद्धम्मांनी नवऱ्याच्या पिशवीतून कोयता बाहेर काढला, तेव्हा उमरग्याला जाणारी बैलगाडी दारात जुंपून उभी होती.

"ह्यो कशाला?"

"वाटंत लागतंय काय तरी," गुंडप्पा म्हणाले.

"काय लागतंय? पोरीचं स्थळ बघायला जाऊलालाव, ऊस तोडायला न्हाय! अवो, तिथं जावा, जेवा, चार शब्द बोला. पण दुसऱ्याच्या रानात हात घालू नगा. एवढं एक ऐका माझं."

सिद्धम्मांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. गुंडप्पांना दुसऱ्याच्या शेतात काही चुकलेलं दिसलं की राहवत नसे. उमरग्याच्या बाजाराला जाता जाता ते गाडीतून उतरत आणि ओळख ना पाळख अशा माणसाच्या तुरीतलं गवत उपटत बसत. एकदा तर मेहुण्याच्या गावी बारशाला म्हणून गेले आणि वाटेतला कुणाचा तरी फुटका बांध लिंपून संध्याकाळी पोहोचले. तोवर बाळाचं नाव ठेवून बायका घरोघर गेल्या होत्या. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण थोरल्या शांतम्माची दोन स्थळं याच पायी मोडली होती. पहिल्या व्याह्याला त्यांनी चार माणसांत सांगितलं की तुमची नांगरट वरवरची आहे. दुसऱ्याच्या कडब्याची गंज त्यांनी, चुकीची रचली म्हणून, स्वतः उतरवून ठेवली.

हे तिसरं स्थळ होतं, तेही मैसूर मुलखातलं. चिकमगळूरच्या पुढं डोंगरात होन्नेगुड्ड नावाचं गाव, घरचा काफीचा मळा. मुलगा शांतलिंग हिवाळ्यात एका लग्नाला मुरूमला आला होता. त्यानं शांतम्माला पाहिलं, शांतम्मानंही त्याला पाहिलं, आणि तेव्हापासून ती चुलीवरचं दूध दोनदा उतू घालून बसली होती. आता घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं.

शांतम्मा दाराआडून म्हणाली, "आप्पा, आई म्हणती ते ऐका. या बारीला तरी."

"ऐकतो माय," असं म्हणून गुंडप्पा गाडीत बसले. सोबत मेहुणा ईरण्णा होता. सिद्धम्मांनी भावाला मुद्दाम पाठवलं होतं, नवऱ्यावर नजर ठेवायला.

साल चव्वेचाळीस. मुरूमवर निजामाचं राज्य आणि दुनियेत लढाई. सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पिशवी उपसून शेंगाचटणीचा वास घेतला आणि विचारलं, "किधर जाते जी?" ईरण्णा म्हणाला, "काफी के मुलुक को." शिपायानं एवढ्या लांब जाणाऱ्या माणसांची कीव केली आणि चटणी परत दिली. मग होटगीहून रेल्वेनं दोन दिवस, आणि शेवटी कोळशाच्या ग्यासवर चालणारी मोटार. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. चढ आला की मोटार दम खायला थांबे आणि उतारूंनी उतरून ढकलायची. होन्नेगुड्डला दोघं पोहोचले ते जवळजवळ मोटार घेऊनच.

गाव मात्र पाहत राहावं असं होतं. हवा गार, माती लाल, घरं कौलारू, आणि सगळीकडं मोगऱ्यासारखा वास. काफी फुलली होती. मुलाचे वडील महांतप्पा फाटकापर्यंत सामोरे आले आणि "शरणु, शरणु" म्हणत त्यांनी गुंडप्पांचे दोन्ही हात धरले. बोलणं कानडीतून झालं, पण मुरूमच्या माणसाला कानडीचं काय अप्रूप! वाचकांच्या सोयीसाठी ते इथं मराठीत दिलं आहे.

पाय धुऊन बसताच पितळेच्या उंच पेल्यात काफी आली. गुंडप्पांनी जन्मात ती घेतली नव्हती. पहिला घोट कडुलिंबाच्या काढ्यासारखा लागला. पण समोर होणारा व्याही, मागं दोन मोडलेली स्थळं. ते म्हणाले, "फस्क्लास!" म्हणून दुसरा पेला आला. दुसराही चांगला आहे म्हणाले, म्हणून तिसरा आला.

त्या तीन पेल्यांचा हिशेब रात्री झाला. ईरण्णा घोरत होता आणि गुंडप्पा कौलं मोजत होते. छातीत धडधडत होतं, डोळे टक्क उघडे. फटफटायला लागलं तसं त्यांना अंथरुणात पडून राहणं अशक्य झालं. ते उठले, बायकोनं दिलेला नवा लाल पटका डोक्याला बांधला आणि नुसतं पाय मोकळे करायला मळ्यात शिरले. खरोखर नुसतं पाय मोकळे करायला.

आणि मळा बघून त्यांना धक्का बसला. काफीची झुडपं पुरुषभर उंचीची, हिरवीगार, फुलांनी भरलेली. आणि त्यांच्या डोक्यावर उंबर, फणस, नांदुर्की, मधूनमधून पांगारा! नुसती झाडंच झाडं. खाली उन्हाचा कवडसा पडेल तर शपथ. आता मुरूम भागात बांधावरच्या बाभळीची सावली पिकावर पडली तर तेवढ्यापुरती ज्वारी बोटभर राहते. त्याला वसवा म्हणतात, आणि वसव्यावरून भाऊभाऊ कोर्टात जातात. इथं तर अख्खं रानच वसव्यात होतं.

'अरेरे!' गुंडप्पांना मनापासून वाईट वाटलं. 'एवढी चांगली माणसं, पण कुणी सांगणारं भेटलं न्हाय.'

त्यांना बायकोचे शब्द आठवले. मुलीचेही आठवले. ते परत फिरलेसुद्धा. पण वळताना गोठ्याच्या मेढीला अडकवलेला कोयता दिसला. चांगला लांब दांड्याचा, धारेचा. त्यांनी स्वतःशी ठरवलं, एकच फांदी. ती अगदीच एका झुडपावर आली आहे तेवढी.

एक फांदी तोडल्यावर खाली उन्हाचा तुकडा पडला आणि ते झुडूप हसल्यासारखं वाटलं. मग शेजारच्या झुडपानं काय पाप केलं होतं म्हणून दुसरी. मग धोतराचा काचा मारून ते झाडावर चढले. काफी अंगात होतीच. हात थांबेनात. ईरण्णा टमरेल घेऊन तिकडं आला तोवर ऊन वर आलं होतं, आणि सतरा झाडं खालून बोडकी झाली होती.

ईरण्णाच्या हातातलं टमरेल खाली पडलं.

"दाजी! काय करूलालाव?"

"बघ, कसं ऊन आलंय!"

"अवो, ती सावली लावल्याली हाय! काल तुमी हातपाय धुवायला गेलता तवा महांतप्पा सांगत व्हते. काफीला ऊन लागलं की करपती. त्यांच्या आज्ज्यानं एकेक झाड घागरीनं पाणी घालून जगिवलंय!"

गुंडप्पा झाडावरून उतरले नाहीत, घसरले. अंगातली सगळी काफी एका क्षणात उतरली. डोळ्यांपुढं दाराआडची शांतम्मा उभी राहिली. तिसरं स्थळ. आता पंचक्रोशीत कोण विचारणार?

"ईरण्णा, कसंबी कर."

कसंबी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. आधी त्यांनी फांद्या ओढून ओढ्यात टाकल्या. ओढा भरला. उरलेल्या गोठ्यामागं रचल्या. घराकडून येणाऱ्या वाटेवरच्या फणसाची एक मोठी फांदी अर्धवट तुटून लोंबत होती. ती आधी दिसणार. ईरण्णानं ती खांद्यानं वर रेटली.

"बांधायला काय तरी द्या!"

गुंडप्पांनी डोक्याचा पटका सोडून दिला. फांदी बांधली गेली. लांबून झाड बरं दिसत होतं, फक्त कुणीतरी त्याला मुंडासं बांधल्यासारखं दिसत होतं.

सुपारी फोडायला बसायचं आणि मुलीच्या बापाचं डोकं उघडं, हे काही चालण्यासारखं नव्हतं. गुंडप्पांनी डोक्याला पंचा गुंडाळला. मग ते लिंगपूजेला बसले. एरवी पाव तासात उठणारे गुंडप्पा त्या दिवशी तास झाला तरी उठेनात. महांतप्पांच्या घरात त्यांच्या भक्तीचं फार कौतुक झालं.

नाश्ता झाल्यावर महांतप्पा म्हणाले, "चला, आधी मळा दाखवतो. मग बोलू."

ईरण्णानं लगेच पोट धरलं. "आयाया! दाजी, लई दुखाया लागलंय!"

महांतप्पांनी त्याला मिऱ्याचा काढा दिला, झोपवलं आणि गुंडप्पांना म्हणाले, "चला, आपण दोघंच जाऊ."

दोघं वाटेवरच्या वळणाशी आले. तिथून तो लाल पटका दिसणार होता. गुंडप्पा थांबले. खोटं बोलून पोरगी या घरात द्यायची आणि जन्मभर खाली मान घालून यायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"थांबा, महांतप्पा. तुमच्या झाडांच्या फांद्या म्या तोडल्या. सतरा झाडांच्या. आमच्याकडं पिकावर सावली म्हंजी रोग. मला वाटलं, तुमचं भलं करावं. पोरीला ह्यातलं काय ठावं न्हाय. तिच्या आईनं तर पिशवीतला कोयताबी काढून घेतलता. दोष माझ्या हाताचा हाय, पोरीचा न्हाय. स्थळ मोडायचं तर मोडा, पण तिला नावं ठेवू नगा."

महांतप्पांनी पहिल्या झाडाकडं मान वर करून पाहिलं. मग दुसऱ्याकडं गेले. फणसाचं मुंडासंही नीट निरखलं. सतराच्या सतरा झाडं त्यांनी पाहिली, आणि गुंडप्पा त्यांच्यामागून, मास्तरांनी पाटी तपासायला घेतलेल्या पोरासारखे, चालत राहिले. सतराव्या झाडाखाली महांतप्पा मटकन बसले.

"एकट्यानं केलंत?"

"व्हय."

"एका सकाळीत?"

"व्हय. चुकलं."

महांतप्पांनी डोळे पुसले. गुंडप्पांना वाटलं, रडले. पण ते हसत होते.

"अहो, महिनाभर मी झाडावर चढणारा माणूस शोधतोय! दरवर्षी पावसाआधी खालच्या फांद्या उतरवाव्याच लागतात. नाहीतर पावसाळ्यात खाली वारा खेळत नाही आणि काफी कुजते. आमचे सगळे गडी लढाईच्या रस्त्याच्या कामावर गेलेत. यंदा मळा हातचा जाणार म्हणून माझी झोप उडाली होती. आज तुम्हाला सांगणार होतो की लग्न पुढच्या वर्षी ढकलू या. तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून आधी मळा दाखवायला आणलं." ते पुन्हा वर बघत म्हणाले, "आणि काम काय सुरेख! खालच्या फांद्या काढल्या, वरची छत्री तशीच राखली. आमच्या जुन्या गड्यांनाही असं जमत नाही. वरचं तोडायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गुंडप्पांचा डावा गुडघा दुखत असल्यामुळं त्यांना त्याहून वर चढताच आलं नव्हतं.

"आपलं... अंदाजानं," ते म्हणाले.

त्यांच्या उरावरची धोंड उतरली. इतकं हलकं वाटलं की समोरच्या परक्या माणसाला त्यांनी मिठीच मारली. घरी परत आल्यावर काफीचा चौथा पेला त्यांनी स्वतःहून मागून घेतला, आणि तो गोड लागला. सुपारी फुटली, लग्न कार्तिकात ठरलं. ईरण्णाचं पोट सुपारीचा आवाज ऐकताच दुखायचं थांबलं. पण मग राहिलेल्या झाडांसाठी महांतप्पांनी दोघांना आठ दिवस ठेवून घेतलं, तेव्हा ते खरंच दुखू लागलं.

मुरूमला परतल्यावर सिद्धम्मांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"रानात हात घातला न्हाय न्हवं?"

"तू म्हणलीस तसंच केलं," गुंडप्पा बैलांकडं बघत म्हणाले. ईरण्णाला ठसका लागला.

"आन् पटक्याला ह्यो चीक कसला?"

"मोटारीत लागला."

ही एवढी गोष्ट पुढं सहा-सात महिने गुंडप्पांच्या घशात अडकून राहिली.

कार्तिकात, तुळशीचं लग्न झाल्यावर, महांतप्पा वऱ्हाड घेऊन मुरूमला आले. त्यांना चहाची सवय नव्हती, पण सिद्धम्मांनी केलेल्या चहाला ते चांगला म्हणाले. म्हणून दुसरा कप आला, आणि मग तिसरा. दुसऱ्या दिवशी फटफटताना व्याही अंथरुणात नव्हते. गोठ्यातला कोयताही जागेवर नव्हता.

शोधत शोधत गुंडप्पा, ईरण्णा आणि सिद्धम्मा रानात पोहोचले आणि बांधावरच थबकले. गुडघ्याएवढी आलेली ज्वारी ऐन वाढीत होती. आणि तिच्या मधोमध, ओळीनं, माणसाच्या उंचीचे पांगाऱ्याचे खुंट रोवलेले होते. बांधावरचा पांगारा पार बोडका झाला होता.

सिद्धम्मांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! उभ्या पिकात? ह्या असल्या माणसाच्या घरात पोरगी देताव? पाव्हण्यानं येऊन असं दुसऱ्याच्या रानात हात घालतंय व्हय कुणी?"

ईरण्णा आभाळाकडं पाहू लागला.

एवढ्यात शेवटचा खुंट दाबून महांतप्पा उठले. हात मातीनं भरलेले, चेहरा आनंदानं. "व्याही, बिचारी रोपं उन्हात उघडी पडलीत हो! बघवेना मला. पांगाऱ्याचा खुंट नुसता रोवला तरी फुटतो. दोन-तीन वर्षांत बघा कशी सावली होते ते. मोजून सतरा लावलेत. तुम्ही माझ्या सतरा झाडांवर चढला होतात, ते मी विसरलेलो नाही."

सिद्धम्मा हळूच नवऱ्याकडं वळल्या.

"कुठली सतरा झाडं?"

गुंडप्पांनी एकवार आपल्या ज्वारीकडं पाहिलं, एकवार व्याह्यांच्या मातीच्या हातांकडं. सहा-सात महिन्यांनी त्यांना मोकळा श्वास आला. फिटंफाट झाली होती.

"सांगतो, समदं सांगतो," ते विहिरीकडं जात म्हणाले, "आधी ती घागर दे. खुंटांना पाणी घालू."