कारणासह नकार

समस्त परळकरांस कळवण्यात येते की, आमच्या चाळीतले बाळा परब यांनी आज सकाळी एका बांगड्याला कारणासह नकार दिला असून, हा निर्णय अंतिम आहे.

"मावशी, ह्यो बांगडो माका नको," टोपलीपुढे उकिडवा बसून बाळा सांगत होता. "कारण, डोळे खोल गेलेत. पण सुधारणेला वाव आहे."

"मेलेल्या माशाने आता सुधारायचं कसं, ते पण सांग," म्हणत कोळीण टोपली उचलून पुढच्या दाराशी गेली.

नुसतं 'नको' म्हणणं बाळाच्या मते पाप. "नाही म्हण रे, पण का ते सांग," हे त्याचं पालुपद. चाळीच्या नाटकात मला रामाचं काम नाकारलं, तेव्हाही त्याने गॅलरीत थांबवून सांगितलं, "वनवासात एवढं पोट टिकत नाही."

बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर त्याने एक वेब ॲप बनवलं. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना कंपन्या 'सध्या आपला विचार करता येत नाही' एवढंच कळवतात, तेही कळवलं तर. बाळाच्या ॲपवर मात्र कारण आणि उपाय लिहिल्याशिवाय 'नाही'चं बटण दाबलंच जात नाही. दोन-तीन लहान कंपन्या, बहुधा त्याचा पिच्छा सुटावा म्हणून, ते वापरू लागल्या.

त्याआधी चाचणीसाठी त्याने मला साहेब केलं. मी खुर्चीत रेलून एका खोट्या उमेदवाराला नाकारलं आणि कारण टाइप केलं: 'पत्रिका जुळत नाही.'

बाळा हसला नाही.

"एकदा मुलगी बघितली होती रे, लालबागची," तो म्हणाला. "गच्चीत दोघंच बोललो. हसत होती चांगली. मग आई म्हणाली, त्यांच्याकडून निरोप आलाय, पत्रिका जुळत नाही. मी का नाही आवडलो, ते कळलंच नाही. कळलं असतं तर सुधारलो असतो."

वडील कामाला होते ती गिरणी बंद पडल्यापासून घर बाळाच्या एकट्याच्या पगारावर चालायचं. त्याने पुन्हा मुलगी पाहिली नाही. आईचं मात्र शेवटपर्यंत सगळं केलं. तिच्या फोटोला अजून रोज ताजा हार असतो.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे चहाला बसलो असताना कॉटन ग्रीनहून एक बाई ॲपवरचा पत्ता शोधत पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मुलीला ॲपवरून नकार आला होता, कारणासह. तिने ते मनावर घेतलं आणि दुसरीकडे तिला नोकरी लागली. बाई कौतुकाने सांगत होत्या आणि बाळा नुसता बघत होता. बोलता बोलता त्याही थांबल्या.

"परब म्हणजे... तुम्ही लालबागला आमच्याकडे आला होतात ना? मी सुनंदा."

बाळाने होकारार्थी मान हलवली.

"राग नाही, काही नाही," तो म्हणाला. "पण तेव्हा तुम्ही मला 'नाही' का म्हणालात, तेवढं सांगाल?"

बाईंनी पुढे केलेला पेढा हातातच राहिला.

"अहो, पत्रिका जुळत नाही, असा निरोप तर तुमच्या आईंनी आमच्याकडे पाठवला होता."