चंद्रकलाबाई नामदेव गाडेकर, हाजिर!

आमच्या शेजारच्या नामदेवनानांना कुणीही हाक मारली तर ते "ओ" देत नाहीत. "हाजिर हाय!" म्हणतात. तेही अशा आवाजात की मुकुंदवाडी स्टेशनात थांबलेल्या गाडीतल्या माणसानं खिडकीतून बाहेर डोकावावं. दूधवाल्याला हाजिर हाय, गॅसवाल्याला हाजिर हाय. समोरच्या घरी मयत झाली, तिरडी बांधताना कुणीतरी म्हणालं, "नाना, सुतळी धरा." नाना तिथंही गरजले, "हाजिर हाय!" रडणाऱ्या बाया दचकून गप्प झाल्या.

हा आवाज जन्माचा नाही. त्यांच्या बायकोचे, चंद्रकलाकाकूचे, कान जात गेले तसा तो वाढत गेला. त्यामुळं त्यांच्या घरातलं एकही गुपित गल्लीपासून लपलं नाही. "मूळव्याधीचं मलम कुठं ठिवलं?" असं नाना काकूला विचारायचे आणि चार घरं पलीकडून उत्तर यायचं, "फळीवर बघा!"

पण एवढ्या ओरडण्यात काकूचं नाव मात्र कधी आलं नाही. फुलंब्रीकडची जुन्या वळणाची माणसं. तिथं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नानांच्या घरात गडीही बायकोचं घेत नसे. हाक एकच, "अय, ऐकलं का?" बहिऱ्या बाईला "ऐकलं का" म्हणून हाक मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

कंपनीतून रिटायर झाल्यावर नानांनी क्रांती चौकाकडच्या एका दुकानातून काकूला कानाचं मशीन घेतलं. बिल काकूच्याच नावानं केलं. दोन दिवस काकू आमच्या दारात येऊन सांगत होती, "पोरी, भाकर फुगल्याचा बी आवाज येतो गं!" तिसऱ्या दिवशी मशीन शिट्टी मारायला लागलं, मग कायमचं मुकं झालं. दुसरीकडं दाखवलं तर कळलं, मशीन कुणाचं तरी वापरलेलं आहे, वरचं कवच तेवढं नवं.

नाना दुकानात गेले. मालक म्हणाला, "मशीन चांगलं आहे बाबा, आजींचे कानच गेलेत."

"कान गेलेत म्हणूनच मशीन घेतलं ना, भाड्या!" नाना म्हणाले. हे चौकातल्या सिग्नलला उभ्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं म्हणतात.

मग ते माझ्याकडं आले. मी आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. बाप हमाल, आई अंगठा उठवणारी. गल्लीतला प्रत्येक अर्ज माझ्याकडं येतो आणि मी तो झोकात लिहिते, त्यात लाजायचं काय? ग्राहक मंचात वकिलावाचून तक्रार करता येते हे मला माहीत होतं. तक्रार मीच लिहिली, खाली अंगठा काकूचा. त्यात "सेवेत त्रुटी" असे शब्द होते. ते नानांना इतके आवडले की विचारू नका.

चहात आलं कमी, सेवेत त्रुटी. लग्नात जिलेबी दुसऱ्यांदा फिरली नाही, सेवेत त्रुटी. कीर्तनकार उशिरा आले तेव्हा नाना भरल्या मंडपात उभे राहिले, "महाराज, हे कायद्यात बसतं का?" महाराजांनी त्या दिवशी कीर्तन लवकर आटोपलं. नाना म्हणाले, "ही बी त्रुटीच."

दुकानाचा वकील तारखा मागत राहिला. कधी तो आजारी, कधी मालक बाहेरगावी. तेवढ्यात काकूनं अंथरूण धरलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. नाना तिच्या उशाशी बसून काही बोलायला लागले की वॉर्डातली सिस्टर धावत यायची, "बाबा, ओरडू नका, बाकीचे पेशंट आहेत." मोठ्यानं बोलू देत नव्हते आणि हळू बोललेलं काकूला ऐकू येत नव्हतं. मशीन उशाखाली तसंच मुकं पडलेलं. शेवटी नाना गप्प बसून राहायचे. काकू त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. तशीच गेली.

वारस म्हणून प्रकरणाला नानांचं नाव लावलं, पण पुकारा काकूच्याच नावाचा राहिला. पाळी आली की शिपाई दारात येऊन नाव ओरडतो, तो पुकारा. हा शिपाई पैलवान गडी, आवाज नानांच्या तोडीचा. "चंद्रकलाबाई नामदेव गाडेकर!" अशी आरोळी उठायची आणि पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीचा माणूस उभा राहून गर्जायचा, "हाजिर हाय!" नवी माणसं हसायची. नाना त्यांच्याकडं बघायचेही नाहीत.

एका तारखेला मालक स्वतः आला. हात जोडून म्हणाला, "बाबा, मिटवून टाकू. सगळे पैसे देतो, वर खर्च देतो."

"नाय."

मी चिडले. माझी रजा जात होती. "नाना, घ्या की! अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"तारीख."

"तारखेचं काय लोणचं घालायचंय का?"

नाना त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले, त्यामुळं सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. "तिचं नाव म्या जन्मात घेतलं नाय. आता घ्यावं म्हणलं तर जीभ उचलत नाय. पोरं आई म्हणायची, तुमी काकू म्हणता. पोरी, तिला नावानं बलावणारा हितला ह्यो शिपाई एकच माणूस राह्यलाय."

मालक भिंतीकडं बघत राहिला. शिपायानं उगाच खुर्ची पुसली.

निकाल आमच्या बाजूनं लागला, हे सांगून टाकते. पण त्याआधीची शेवटची तारीख सांगायची राहिली. आज शेवटची सुनावणी, तक्रारदार हजर नसला तर तक्रार खारीज, असं मंचाच्या साहेबांनी बजावलं होतं. आता पुढची तारीख मिळणार नव्हती.

शिपाई दारात आला. "चंद्रकलाबाई नामदेव गाडेकर!"

नाना बाकावर डोळे मिटून बसलेले. मी कोपरानं ढोसलं. हलले नाहीत.

"चंद्रकलाबाई नामदेव गाडेकर!"

समोरचा वकील हसत फाईल बांधायला लागला. मी उठायला गेले तर नानांनी माझं मनगट धरलं, घट्ट.

तिसऱ्या हाकेनंतर गैरहजर धरतात. शिपायानं नानांकडं पाहिलं. छाती भरून घेतली आणि एकेक अक्षर लांबवत, सगळ्या इमारतीत घुमेल असं काकूचं नाव घेतलं. इतकं सावकाश नाव घेताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आवाज विरेपर्यंत नाना थांबले. मग शेजारी, बाकाच्या रिकाम्या बाजूला किंचित वाकून, कानात सांगावं तसं म्हणाले, "हाजिर हाय."

दारापर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून मग मीच उभी राहून ओरडले.