मधला माणूस

सोलापुरात सात रस्ता चौकात दोन दुचाकींची टक्कर झाली. लागलं कुणालाच नाही, पण दोघेही बाह्या सरसावून उभे. गर्दीतून बसण्णा पुढे झाले आणि एकाकडे हात करून म्हणाले, "हे गॅरेजवाले. कुंभार वेशीत दुकान हाय." मग दुसऱ्याकडे बोट करून, "आन् हे गाड्यांचे पार्ट विकतात. नंबर घ्या की एकमेकांचे." भांडण तिथेच राहिलं. आजही त्या गॅरेजात पार्ट त्याच दुकानातून येतात.

बसण्णा टॉवेलचे एजंट. मी कॉलेजात असताना त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी गाव विचारलं. कर्नाटकच्या सीमेजवळची दुधनी म्हटल्यावर पुढची चौकशी कानडीतून झाली. वडील बाजार समितीत हमाल, घरात शिकणारा मीच पहिला, हे कळल्यावर ते मला घेऊन जे निघाले ते संध्याकाळपर्यंत फिरवतच होते. खानावळीच्या मावशी, बँकेतले साहेब, चष्म्याचे दुकानदार. सगळीकडे एकच वाक्य, "आमचा पोरगा. घरातला पयला हाय." मला चष्मा नव्हता, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "लागंल की," अण्णा म्हणाले. "शिकतोयस न्हवं? मानूस आदी जोडून ठेवायचा."

चष्मा दुसऱ्या वर्षी लागला. नोकरीही त्यांच्याच ओळखीने लागली, कर सल्लागाराच्या ऑफिसात. त्याबद्दल आभार मानायला गेलो की ते समोरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारतात.

मध्यंतरी त्यांना कुणीतरी व्यावसायिकांच्या एका क्लबात नेलं. आठवड्यातून एकदा हॉटेलात नाश्ता, आणि प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर आपल्या धंद्याची माहिती द्यायची. बसण्णा उभे राहिले आणि कोपऱ्यातल्या एका लाजाळू फरशीवाल्याचं कौतुक करू लागले. घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, अण्णा, स्वतःबद्दल सांगा. "माझं काय, मी हाय की," म्हणून अण्णा इडलीकडे वळले. सगळे हसले. त्यांच्यासोबत गेलेला मीही हसलो. ते स्वतःचं का सांगत नाहीत, हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं.

शहराच्या पूर्व भागात मल्लेशम यांचा यंत्रमागांचा कारखाना आहे. मल्लेशमनी टॉवेल विणायचे आणि अण्णांनी ते विकायचे, अशी दोघांची तरुणपणापासूनची जोडी होती. दुपारचा चहा कारखान्यातच व्हायचा. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघे खुणांनी गप्पा मारायचे आणि हसून हसून बेजार व्हायचे. एकदा अण्णांनी एका मोठ्या व्यापाऱ्याला थेट कारखान्यात नेलं आणि मल्लेशमशी त्याची गाठ घालून दिली. सवयच ती. व्यापाऱ्याला माल पसंत पडला. पुढची ऑर्डर त्याने परस्पर फोनवरून दिली, त्याच्या पुढचीही. मध्ये अण्णांचं कामच उरलं नाही. भांडण झालं असतं तर अण्णांनी मिटवलं असतं, पण ते झालंच नाही. मल्लेशमना तोंड दाखवायची लाज वाटली असावी. बोलावणं आल्याशिवाय अण्णांचा पाय उचलेना. अशीच वर्षं गेली. धंद्याचं सांगायचं तर मल्लेशमचं नाव घ्यावं लागणार, म्हणून अण्णा तो विषयच काढेनात.

"कुणाच्या घरी टॉवेल दिसला की ह्यांनी काठ चाचपून बघायचा," काकू म्हणाल्या. "मल्लेशमचा हाय का म्हनून."

यंदा मी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला अण्णा सकाळपासून माझ्या पाहुण्यांच्या एकमेकांशी गाठी घालत फिरत होते. मल्लेशमच्या कारखान्याचं कराचं काम आमच्याच ऑफिसात असतं, म्हणून मी त्यांनाही बोलावलं होतं. ते आले आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. अण्णांनी त्यांना पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन ते उगीचच पाणी पीत राहिले. मग माझी बाही धरून म्हणाले, "लेका, त्यांच्याशी माझी वळख करून दे की."

अहो अण्णा, तुमची ओळख माझ्या जन्माआधीची, असं मी म्हणालो.

"ती ऱ्हायली न्हाय. नवी करून दे."

एरवी मी हसलो असतो. त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. मी त्यांना मल्लेशमसमोर नेलं. "मामा, हे बसण्णा," एवढंच जमलं.

मल्लेशमनी मान वर केली नाही. मलाच विचारलं, "आता काय करतात हे?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते हातातला पेला दोन्ही हातांनी फिरवत होते.

"काय न्हाय," ते म्हणाले. "दुपारचं तुज्या गल्लीतनं गाडीवर एक चक्कर मारतो. मग घरी जातो."

मल्लेशम सतरंजीवर थोडे बाजूला सरकले.

"दिसतं की खिडकीतनं," ते म्हणाले. "रोज वाटतं, आज थांबतोय."